ताटातली बहुपदी

माझ्या नववी नापास होण्याचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. धारच्या शाळेत मी गणितात गेले, मग शिवणकाम शिकत दोन-तीन वर्षं घरी काढली, लग्न झालं आणि देवासला आले. पुढची पंचवीस-तीस वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत काढली नाही. कुणी विचारलंच तर "दहावीपर्यंत" म्हणून विषय बदलायचे. हल्ली तर कुणी विचारतही नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या, साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या बाईच्या शिक्षणाची चौकशी करायची कुणाला पडली आहे.

त्यामुळे शेजारची मुलगी एका सकाळी काठी टेकत माझ्या दारात आली आणि तिने सरळ विचारलं, "काकू, तुम्ही नववीत नापास झाला होतात ना?", तेव्हा माझा असा पारा चढला की हातातली बाग गावची छापील साडी तशीच मशिनवर टाकून मी उठले. म्हटलं, "कोण म्हणालं तुला?"

"आई म्हणाली. रागावू नका. खरं असेल तर फार बरं होईल."

ही मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नाही. आठवीपर्यंत इंदूरला अंध मुलांच्या शाळेत राहून शिकली, मग आजारपणाने घरी आली ती घरीच राहिली. आता तिला प्रायव्हेट फॉर्म भरून दहावी करायची होती. अशा परीक्षार्थीला पेपर लिहायला एक माणूस मिळतो, त्याला लेखनिक म्हणतात. तिनं तोंडानं सांगायचं, त्यानं लिहायचं. नियम असा, की लेखनिक त्या परीक्षेपेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे तो स्वतःच्या डोक्यातलं काही घालणार नाही. गल्लीतली मोठी माणसं सगळी निदान बारावी झालेली, आणि शाळकरी पोरांच्या त्याच दिवसांत स्वतःच्या परीक्षा. उरले मी.

"म्हणजे अख्ख्या गल्लीत मीच एक अडाणी सापडले का तुला?"

"हो," ती म्हणाली. हसली नाही, काही नाही. मग मलाच हसू फुटलं, आणि मी हो म्हणून बसले.

तिच्या घरी मात्र वेगळंच चाललं होतं. दिसत नसलेल्या मुलांना दहावीत गणिताऐवजी संगीत घेता येतं, आणि तिचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवणारे. आमच्या देवासला गाण्याचं प्रस्थ इतकं, की आंधळं माणूस दिसलं की लोक त्याच्या हातात तंबोरा द्यायला धावतात. लहानपणापासून येणारा-जाणारा तिला म्हणे, "बेटा, कुछ सुनाओ." आणि ह्या मुलीचा गळा असा, की तिनं आरती म्हटली तरी शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. हे मी म्हणत नाही, ती स्वतः सांगते. तिला कंप्युटरचा डिप्लोमा करायचा होता आणि त्याला दहावीत गणित लागत होतं. वडील खूप समजावून शेवटी म्हणाले, "एकदा बस गणिताला. एकदाच. नाही जमलं तर पुढल्या वर्षी मुकाट्यानं संगीत." ती कबूल झाली. म्हणजे सगळा मामला ह्या एका पेपरावर येऊन ठेपला होता.

दुपारी मशिन बंद करून मी तिच्याकडे जायचे. पुस्तक हिंदी. मी वाचायचे, ती ऐकायची, आणि मधेच तिच्या टोचलेल्या ठिपक्यांच्या लिपीत काहीतरी लिहून घ्यायची. बाकीचे धडे बरे चालले. बहुपदीचा धडा आला आणि आम्ही दोघी तोंडावर पडलो. अडचण तिची नव्हती, बोलण्याची होती. तिनं म्हणावं "दोन एक्स वर्ग अधिक तीन एक्स", आणि मी अधिक तीन एक्स सगळं वरती घातात नेऊन बसवावं. मी लिहिलेलं तिला दिसेना आणि तिनं सांगितलेलं मला कळेना. दोन दिवस आमची नुसती भांडणं झाली.

मग तिनं तोडगा काढला. प्रत्येक तुकड्याआधी ती "पद" म्हणायची. "पद, दोन एक्स वर्ग. पद, अधिक तीन एक्स. पद, वजा पाच." पद म्हणजे बहुपदीतला एक तुकडा, अधिक किंवा वजा आलं की नवा तुकडा सुरू. एवढं तिनं माझ्या डोक्यात बसवलं. एकच पद असेल तर एकपदी, दोन असली तर द्विपदी, तीन असली तर त्रिपदी, त्याहून जास्त असली की नुसतंच बहुपदी म्हणायचं, पुढं कुणी मोजत बसत नाही. खरं तर ही सगळीच बहुपदीच्या घरातली माणसं, एकपदीसुद्धा. मी म्हटलं, एकच पद असून बहु कसं? ती म्हणाली, "काकू, एकटा माणूस राहिला तरी रेशनकार्डावर कुटुंबच लिहितात ना." हे मला पटलं.

पण घातांचं काय करायचं. एक्स, एक्स वर्ग, एक्स घन ही पोरगी नुसती कानांनी धरून ठेवायची आणि चार-पाच पदं झाली की सांडायची. तिला हाताला लागणारं काहीतरी हवं होतं. एका दुपारी तिनं आईला विचारलं, "पूजेचा डबा कुठं आहे?"

आपल्या लोकांच्या घरात हा डबा असतोच. प्रत्येक पूजेला, प्रत्येक ओटीत सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम येतात. देवापुढून उचलले की टाकवत नाहीत आणि खाववत तर त्याहून नाहीत, मग एका डब्यात जातात. वर्षानुवर्षं साठतात. त्यांच्या घरचा डबा म्हणजे पाच किलोचा तेलाचा डबा होता, आणि निम्मा भरलेला. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, हाटपिपल्याच्या, भारी देवभोळ्या. "देवाच्या सुपाऱ्या काय गणिताला लावायच्या?" म्हणून वहिनी तासभर कुरकुरल्या. मुलगी म्हणाली, "देवाला काय, नुसत्या पडून तरी काय उपयोग." वहिनींनी हात जोडून, देवाची क्षमा मागून डबा दिला. वर बजावलं, की बदाम खायचे नाहीत.

तर असं ठरलं. खारीक म्हणजे एक्स घन. सुपारी म्हणजे एक्स वर्ग. हळकुंड म्हणजे साधा एक्स. बदाम म्हणजे नुसता आकडा, ज्याला एक्स चिकटलेलाच नाही, त्याला पुस्तकात अचर पद म्हटलंय. एका मोठ्या पितळी ताटाच्या मधोमध मी लोकर आडवी बांधली. लोकरीच्या वरचं सगळं अधिक, खालचं सगळं वजा. मग दोन एक्स वर्ग अधिक तीन एक्स वजा पाच म्हणजे काय, तर वर दोन सुपाऱ्या, तीन हळकुंडं आणि खाली पाच बदाम. किती सुपाऱ्या, तो सुपारीचा गुणांक. ताटात किती जातींच्या वस्तू, तेवढी पदं. सगळ्यांत मोठ्या घाताची वस्तू कोणती, तोच अख्ख्या ताटाचा घात. वर खारीक असो की खाली, ताटात असली की त्रिघाती. खारीक नाही पण सुपारी आहे, तर द्विघाती. हळकुंडावर थांबलं तर रैखिक. तिची बोटं ताटावरून फिरायची आणि मी श्वास घ्यायच्या आत उत्तर यायचं, "त्रिघाती, त्रिपदी." मला इतकं कौतुक वाटायचं की मी उगाच वहिनींना हाक मारून बोलावून आणायचे.

आणि खरी गंमत अशी, की मलाही यायला लागलं. ज्या गणितापायी माझी शाळा सुटली त्यात असं होतं तरी काय, ते मला आता दिसलं. शाळेत आमच्या बाई फळ्यावर भराभर लिहायच्या, आम्ही ते भराभर उतरवायचो, आणि एक्स म्हणजे कोण बाई हा, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. इथं तो हळकुंड होऊन समोर पडला होता. एके दिवशी मी तिच्याशी वाद घातला. नुसते सात बदाम असले तर घात किती? ती म्हणाली, शून्य. कारण त्यात एक्स नाही. आणि ताट रिकामं असलं तर? ती म्हणाली, ती शून्य बहुपदी, तिचा घात ठरवताच येत नाही. मी म्हटलं, हा काय चावटपणा, सात बदामांना शून्य आणि काहीच नसलेल्याला शून्यसुद्धा नाही? ती इतकी हसली की तिला ठसका लागला. एकाला एक्सनं भागलं असलं काही पुस्तकात आलं, की त्याच्यासाठी डब्यात वस्तूच नसायची. "मग ती बहुपदी नाहीच," ती म्हणायची. घात पूर्ण हवा आणि वजा नको, एवढी साधी अट.

इथं मला माझी एक खोड सांगायला हवी. मी प्रश्न वाचून ताट मांडायचे. आता प्रश्नात एक खारीक अधिक आणि एक खारीक वजा असं आलं, तर माझा हात काही ती दोन्ही ठेवायचा नाही. एक वर ठेवा, एक खाली ठेवा आणि मग दोन्ही उचला, कशाला ती उस्तवार. जन्मभर तांदूळ निवडले, डाळ निवडली. हाताला ते वळणच पडलेलं. जे जाणार ते मी आधीच गाळून ताट तिच्यापुढं सरकवायचे. मला वाटायचं, पोरीचे कष्ट वाचवते आहे. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला हे सांगण्यासारखं वाटलंच नाही.

परीक्षेच्या महिनाभर आधी तिनं ताट बंद केलं. म्हणाली, वर्गात तिथं कुठं सुपाऱ्या, आता सगळं डोक्यात. तेव्हाच तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. "काकू, मी सांगेन तेच लिहायचं. चुकलं तरी. तुम्हाला आता येतंय, म्हणून सांगते." मी म्हटलं, बाई गं, मी लिहीन तू सांगशील तेच. आणखी एक ठरलं. तिला तासभर जास्त मिळणार होता, त्यातला शेवटचा अर्धा तास राखायचा. मी प्रश्न आणि तिची उत्तरं परत वाचणार, ती तपासणार. ही तिची जुनी सवय. सरावातही ती शेवटच्या वाचनात आपल्या निम्म्या चुका स्वतः पकडायची.

पेपराच्या दिवशी आम्हाला वेगळी खोली दिली. एक बाई पर्यवेक्षक म्हणून दारापाशी बसल्या होत्या, त्या बिचाऱ्या स्वेटर विणत होत्या. पहिला दीड तास उत्तम गेला. काही प्रश्न तिनं सोडले, काही अर्धे केले, पण ती घाबरलेली नव्हती. मग तो प्रश्न आला. दोन गुणांचा. मी वाचला, "एक्स घन अधिक चार एक्स वजा एक्स घन अधिक सात. घात आणि पदांची संख्या यांवरून ह्या बहुपदीचं वर्गीकरण करा."

ती क्षणभरही थांबली नाही. "लिहा. त्रिघाती. चार पदं असलेली बहुपदी."

मी "त्रि" लिहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढं ताट आलं. एक खारीक वर, एक खाली. दोन्ही जाणार. राहणार चार हळकुंडं आणि सात बदाम. रैखिक, द्विपदी. अरे देवा, म्हटलं मनात, हे तर तिला झोपेतही येईल. दोन गुण असे वाऱ्यावर जाऊ द्यायचे? बोलायची बंदी होती आणि त्या बाई चार हातांवर होत्या. मी फक्त पेन कागदावरून उचललं.

खोटं कशाला सांगू, मुद्दाम उचललं. तिला पेनाची कुरकुर ऐकू येते हे मला पक्कं ठाऊक होतं. सहा महिने ती माझ्या पेनाचा आवाज ऐकत आली होती, मी ओळ संपवली की शब्द विसरले, हे तिला आवाजावरून कळायचं. मी पेन उचलून तशीच बसले.

तिनं मान माझ्याकडं वळवली. तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू कळल्यासारखा झाला. मी मनात म्हणत होते, सांग, आता सांग. तिनं मान पुन्हा समोर वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, सांगितलं तेच लिहा."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. शेवटच्या अर्ध्या तासात वाचताना मी तो प्रश्न अगदी सावकाश वाचला. ती म्हणाली, "पुढचा."

रिक्षात बसलो. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भिया, टेकडीच्या खालून घ्या, इकडं गर्दी असेल," तेवढंच काय ते बोलणं. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर तिनं धरलेला माझा दंड सोडला आणि काठी उघडली.

"चार एक्स अधिक सात," ती म्हणाली. "रैखिक, द्विपदी."

"अगं मग बदललं का नाहीस? शेवटी वेळ होता की."

"कारण ते मला तुमच्या पेनानं सांगितलं."

"सांगितलं कुठं, मी नुसती थांबले."

"तेच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "तुम्ही लिहीत राहिला असतात तर शेवटच्या वाचनात मी ते परत ऐकलं असतं. मला सापडलं असतं. किंवा नसतं सापडलं. आता मला कधीच कळणार नाही. तुम्ही थांबलात त्या क्षणी ते उत्तर तुमचं झालं, काकू. तुमचं उत्तर मी माझ्या पेपरात कसं लिहू?"

मला राग आला. कुणालाही आला असता. सहा महिने मशिन बंद ठेवून मी हिच्यासाठी घसा कोरडा केला, आणि ही मला शिकवतेय. मी म्हटलं, "दोन गुणांसाठी एवढं? एवढी साधी चूक तू केलीसच कशी? ताटावर कधी चुकली नाहीस."

"ताटात अशी जोडी आलीच नाही कधी," ती म्हणाली आणि थबकली. "का आली नाही? पुस्तकात तर आहेत अशी उदाहरणं."

उन्हात तिथंच उभी राहिले. मग सांगितलं, की मी आधीच काढून ठेवायचे. तुझे कष्ट वाचावेत म्हणून. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, आणि काठी टेकत घरी गेली. त्या "बरं"नं मला जेवण गेलं नाही.

निकालात ती गणितात दोन गुणांनी गेली. नेमक्या दोन. वहिनी रडल्या, मी रडले, ती रडली नाही. बाकीच्या विषयांत चांगली पास होती. तिच्या वडिलांनी शांतपणे सांगितलं, की आता ठरल्याप्रमाणे संगीत. तिनंही वाद घातला नाही. शब्द दिला होता ना. सप्लिमेंटरी परीक्षा दोन महिन्यांवर होती, पण तिचं तोंड बांधलेलं होतं, आणि फॉर्म भरायचे दिवस चालले होते.

तीन दिवस मी घरात धुसफुसत होते. नवरा म्हणाला, "तुझं त्यात काय जातं, तू मदतच केलीस." चौथ्या दिवशी मी उठले आणि तिच्या वडिलांपुढं जाऊन बसले. ते पेटी पुसत होते. मी सगळं सांगितलं. ताटाचं सांगितलं, पेनाचं सांगितलं, मुद्दाम थांबले हे सांगितलं. म्हटलं, "दादा, तिची एक संधी मी खाल्ली. ती तिची धरू नका." बोलताना मला लाज वाटत होती, आणि ह्या वयात शेजारच्या माणसापुढं असं बोलायची पाळी आली म्हणून स्वतःचा संतापही येत होता.

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाले, "तिनं आम्हाला हे सांगितलं नाही."

"नाही सांगणार ती."

"पेपरात उत्तर बदलता येत होतं, आणि तिनं बदललं नाही?"

"नाही बदललं."

ते उठून आत गेले आणि तिला म्हणाले, "उद्या फॉर्म भर. गणिताचाच." मला बाहेर ऐकू आलं.

ह्या वेळी लेखनिक मी नव्हते. शाळांना सुट्टी लागली होती, तिला मागच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी मिळाली. शेजारच्या मुलीनंच मला तसं येऊन सांगितलं, नीट, आदरानं. म्हणाली, "तुम्हाला आता फार येतं, काकू." मी म्हटलं, हो बाई, बरोबर आहे. वाईट वाटलं, का वाटू नये. दोन महिने दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून पितळी ताटात सुपाऱ्या पडल्याचा आवाज यायचा आणि मी मशिन जोरात चालवायचे. एकदाही गेले नाही. एकदा वहिनी सांगत होत्या, की ती आता त्या मुलीला मुद्दाम सांगते, जोड्या काढू नकोस, आहे तसं मांड.

निकालाच्या दिवशी दुपारी ती दारात आली. हातात फोन. बोलणारा फोन तिला सगळं वाचून दाखवतो, पण निकालाच्या पानावर आधी वेडीवाकडी अक्षरं येतात, ती ओळखून भरावी लागतात, आणि ती त्या फोनला वाचता येत नाहीत. "आईचे हात कापतायत," ती म्हणाली, "आणि बाबा देवळात जाऊन बसलेत. तुम्ही बघा."

मी चष्मा लावला. अक्षरं भरली, तिचा रोल नंबर भरला, दोनदा चुकला. पान उघडलं. ती माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"गणित," मी वाचलं, "एक्केचाळीस. उत्तीर्ण."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "ह्यात तुमचे किती, काकू?"

"माझा एकही नाही," मी म्हटलं. "सगळे तुझे."

तिनं मान हलवली, फोन मागून घेतला, आणि बाबांना सांगते म्हणून गेली. मी दार लोटलं आणि साडीचा बोळा तोंडाशी धरून पोटभर रडले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कशाचाही कधी झाला नव्हता.